प्रतिसाद: ‘काउंटरपार्ट’ आणि ‘इक्विव्हॅलंट’

इंग्रजीतील ‘काउंटरपार्ट’ (counterpart) आणि ‘इक्विव्हॅलंट’ (equivalent) हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज चालतात, हे मत पूर्णतः पटले नाही. ‘काउंटरपार्ट’चा एक जुना अर्थ दस्तऐवजाची जोडप्रत असा आहे, १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात, पक्षकारांनी वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या असतील तर प्रत्येक प्रत ती करून देणाऱ्याविरुद्ध प्राथमिक पुरावा ठरते, अशी तरतूद याच शब्दाने केलेली होती. जोडप्रतीप्रमाणेच, दुसऱ्या बाजूला तीच जागा सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही हा शब्द लागतो. त्यामुळे अमेरिकेचा ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा आपल्या परराष्ट्रमंत्र्याचा ‘काउंटरपार्ट’ ठरतो, मग दोघांचे अधिकार सारखे नसले तरी चालते. (‘ऑपोझिट नंबर’ हा इंग्रजी शब्दप्रयोगही याच अर्थाचा; त्यातल्या ‘ऑपोझिट’मधला विरोध केवळ नावापुरता.) ‘इक्विव्हॅलंट’ला मात्र मूल्याची किंवा दर्जाची बरोबरी लागते, जशी विद्यापीठे पदव्यांची समकक्षता ठरवताना पाहतात.