पाचला ५८ टक्के, रात्री ६५. मधली मतं आली कुठून?

टपरीवरचा
मंडळी, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, रात्री साडेअकराचा ६५.०२, शेवटी ६६.०५. आमच्या टपरीवर यावरून अजून भांडणं होतात. मी कुठल्या पक्षाचा नाही. आत बसलेलं कुणी आहे का इथे?

खडूफळा
मी होतो आत. झेडपीचा शिक्षक, चौथ्यांदा केंद्राध्यक्ष. माझ्याकडे ११०४ मतदार. पाच वाजता वर कळवलं, ६११. म्हणजे ५५ टक्के. मग शेतावरून बायका यायला लागल्या. सहाला फाटक लावलं आणि रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटत पुढे आलो (पुढून वाटल्या तर मागे माणसं घुसत राहतात). ९४ चिठ्ठ्या गेल्या. शेवटचं मत सात वीसला. क्लोजचं बटण दाबलं, मग टोटलचं: ७५७. साडेअडुसष्ट टक्के.

हा आकडा १७ सी वर, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवर लिहून उमेदवारांच्या हजर एजंटांना त्याची प्रत द्यायची असते. सकाळी साडेपाचच्या मॉक पोलला, म्हणजे मशीन तपासायच्या खोट्या मतदानाला, तिघंही एजंट होते. पन्नास मतं टाकली, व्हीव्हीपॅटच्या (मत छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून काळ्या पाकिटात भरल्या, तोवर तिघं डोळ्यांत तेल घालून बघत होते. रात्री उरला एकच. बाकी दोघं चहाला म्हणून गेले ते गेलेच. अहो, मोजणीच्या टेबलावर मशीनमधली एकूण मतं त्याच कागदाशी ताडायची असतात!

निळी_शाई
सर, तुमचं केंद्र मान्य. पण राज्यात लाखभर केंद्रं आहेत. हेच कागद वेबसाइटवर टाका म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले, तर आयोगानेच विरोध केला. लोकसभेची निवडणूक चालू होती, मे २०२४ मध्ये कोर्टानेही तेव्हा आदेश दिला नाही. वर डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणुकीची कागदपत्रं लोकांना बघू देणारा नियम ९३ बदलून सीसीटीव्हीचं चित्रण मागायची वाटही बंद केली. एजंटाला चालतो तो कागद मला का चालत नाही?

खडूफळा
याला माझ्याकडे उत्तर नाही. मलाही ते पटलेलं नाही. त्या रात्री आम्ही लाखेने बोटं भाजून घेत कितीतरी पाकिटं सील केली. त्यात एका कागदाचा फोटो चढवणं काय जड होतं? पण टपरीवाल्या, आयोगाला विचारायचं ते विचारच. आधी तुमच्या बूथचा १७ सी कुणाकडे आहे ते शोध.

टपरीवरचा
विचारलं सर. आमच्या बूथवर माझा काकाच एजंट होता. म्हणतो, "सहा वाजले, मतदान संपलं, मी घरी आलो." टपरीवर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतो.