मालदीव : व्हिसाचं नक्की काय? आईला घेऊन जातोय, सल्ला हवा

रानजाई :
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पाच रात्री मालदीवला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नुकताच बारावी झालेला मुलगा आणि माझी आई (७१). रिसॉर्टचे आकडे बघून डोळे पांढरे झाले, म्हणून माफुशी बेटावर गेस्ट हाउस बघतोय. इथल्या एका एजंटने 'व्हिसा प्रोसेसिंग'चे माणशी अडीच हजार सांगितलेत. नवरा म्हणतो व्हिसा लागतच नाही. खरं कोणाचं?
दुसरं म्हणजे आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय आणि त्यावर ईसीआरचा (नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी तपासणी लागते, तो) शिक्का आहे. दहा वर्षांपूर्वी भाऊ दुबईला बोलावणार होता म्हणून काढलेला, आजवर एकदाही बाहेर पडलेला नाही. ईसीआरमुळे मुंबईला अडवतील का?

सागरगोटे :
नवऱ्याचं खरं. एजंटला नमस्कार करा आणि बाहेर पडा. मालदीवला पर्यटक म्हणून जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिथे उतरल्यावर फुकट शिक्का मिळतो. बहुतेकांना ३० दिवस, आपल्याला २०१८ च्या करारामुळे ९० दिवस. तुम्हाला पाच रात्रींशी मतलब.
फुकट असलं तरी विनाअट नाही. परतीचं तिकीट हवं, राहण्याचं पक्कं बुकिंग हवं, खर्चापुरते पैसे हवेत. बुकिंग सगळ्या रात्रींचं करा. 'पहिल्या दोन रात्री बुक केल्यात, पुढचं तिथे बघू' हे गोव्यात चालतं, तिथे काउंटरवर घाम फुटतो.

घाटमाथा :
+१. आणि इमुगा विसरू नका! विमान पोचण्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन भरायचा फॉर्म. माणशी एक, आईचाही वेगळा. पासपोर्टचा आणि चेहऱ्याचा फोटो टाकायचा, मग क्यूआर कोड येतो. मुंबईला चेक-इनलाच तो मागतात. परतताना पुन्हा भरायचा, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. एक पैसाही लागत नाही. शोधताना वरती पैसे मागणाऱ्या साइट येतात, हुबेहूब सरकारी दिसतात. माझ्या मेव्हण्याने अशाच एकीवर चौघांचे पैसे भरले आणि वर आम्हालाच लिंक पाठवली. पत्त्याच्या शेवटी इमिग्रेशन डॉट गव्ह डॉट एमव्ही असेल तरच पुढे जा.

सागरगोटे :
ईसीआरचं राहिलं. तो शिक्का ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो. त्या यादीत मालदीव नाही आणि आई काही नोकरीला निघालेल्या नाहीत. निर्धास्त राहा. मुदतीचं म्हणाल तर मालदीवला एक महिना शिल्लक असली तरी पुरते. तरी मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच नवा काढला असता. विमान कंपनीच्या काउंटरवरची पोरं सहा महिन्यांचा हट्ट धरून बसली, तर पहाटे तीन वाजता कोणाशी भांडणार? पन्नाशीपुढच्यांना ईसीआर लागतही नाही, आईंच्या पासपोर्टवर तो खरं तर तेव्हाच यायला नको होता; नव्यावर येणार नाही एवढं बघा.

चिंचवडची_काकू :
रानजाई, व्हिसा सोड, तो भागतो. तुझ्या आईची बॅग कोण भरणार ते सांग.
सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पेढ्याच्या डब्यात खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला दोन बोटांएवढा पितळी बाळकृष्ण, सोबत चमचाभर लोणी राहील एवढी वाटी. आम्हाला पत्ताच नाही. मालेला उतरल्यावरही बॅगा स्कॅन होतात, तिथे बॅग बाजूला काढली. कस्टमच्या मुलीने डबा उघडून अगदी हळू विचारलं, "आयडल?" सासूबाईंना वाटलं ती पेढा मागतेय, त्यांनी डबा पुढे केला.
पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत, कायदाच आहे. दारू आणि डुकराचं मांसही त्याच यादीत. ती मुलगी शेवटपर्यंत अदबीने बोलली, चूक आमचीच होती. मूर्ती ठेवून घेतली, पावती दिली, निघताना परत मिळाली. पण मधले चार दिवस सासूबाई समुद्राकडे पाठ करून बसल्या. "त्याला दारूच्या बाटल्यांच्या फडताळात ठेवला असेल गं," हे मी दिवसातून किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. जाताना ड्युटी फ्रीची बाटलीही नको, नवऱ्याला बजाव.

रानजाई :
काकू, अंगावर काटा आला. आईचा बाळकृष्ण अक्षरशः एवढाच आहे, आणि कुंकवाच्या करंड्याशेजारी त्याची जागा बॅगेत आत्तापासून ठरलेली आहे!

घाटमाथा :
चिरंजीवांची बॅगही बघा, गैरसमज नको. व्हेप (ई-सिगारेट) नेता येत नाही, २०२४ पासून बंदी आहे. १ जानेवारी २००७ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तिथे सिगारेट घेणं-ओढणंही बंद, पर्यटक असले तरी.

सागरगोटे :
व्हिसा फुकट, पण बाकीचे कर जीव काढतात. ग्रीन टॅक्स माणशी रोज ६ डॉलर, तोही गेस्ट हाउस पन्नास खोल्यांच्या आतलं असेल तर. तुम्ही चौघं, पाच रात्री म्हणजे १२० डॉलर. रिसॉर्टला किंवा मोठ्या हॉटेलला हेच दुप्पट. वर बिलावर १७ टक्के जीएसटी आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज. बुकिंग साइटवरचा आकडा यातलं काय काय धरून आहे, ते गेस्ट हाउसला थेट मेसेज करून विचारा. निघतानाचा ५० डॉलरचा कर तिकिटातच असतो, तो कोणी तिथे रोख मागत नाही.

बंदरावरचा_पोर :
उतरण्याचा वार बघून तिकीट काढा. शुक्रवारी सरकारी फेरीबोट बंद असते. तशीही फेरी माले शहरातून सुटते, विमानतळावरून नाही, आणि माफुशीला दीड तास घेते. आई बरोबर असताना त्या भानगडीत पडू नका. विमानतळाच्या दारातच धक्का आहे, स्पीडबोट तिथूनच निघते, अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. गेस्ट हाउसवालेच जागा धरून देतात. आम्ही माणशी २५ डॉलर दिले होते. आईंना मागच्या बाजूला बसवा. पुढे पोरं हौसेने बसतात आणि प्रत्येक लाटेला कंबर मोडून घेतात.
जेवणात मासा सगळीकडे. आई शाकाहारी असतील तर तसं आधी कळवा, वरणभात मिळतो. मेतकूट नेलंत तर सोन्याहून पिवळं. गावचं बेट आहे, त्यामुळे कमी कपड्यांत पोहायला वेगळा किनारा आखलेला असतो. आई साडीत पाण्यात उतरल्या तर तिथल्या बायकांना उलट बरंच वाटेल, त्याही अंगभर कपड्यांतच डुंबतात.

रानजाई :
मंडळी, खूप आभार. एजंटला नाही कळवलं, त्याने लगेच दीड हजारात करून देतो म्हणून फोन केला. पासपोर्टसाठी पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. तिकीट रविवारचं काढतोय, इमुगा शुक्रवारी भरणार.
आईला काल काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेजारच्या जोशीणबाईंकडे ठेवते." तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं, पण सकाळपासून एकच घोर लागलाय : जोशीणबाईंकडे विकतचं पिवळं बटर असतं, लोणी नसतं. आता निघायच्या आदल्या रात्री पाच दिवसांचं लोणी कढवण्याआधी बाजूला काढून त्यांच्या फ्रीजमध्ये पोचवायचं ठरलंय.