मदत हवी आहे: रेमिंग्टन '१८१६ पासून सलग' असं लिहिता येईल का?

उटिकाकर
उद्या रात्री मजकूर छापायला जायचाय, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. 'रेमिंग्टन, १८१६ ते २०२४, सलग' असं लिहिलं तर चालेल का? १८८८, १९३३, १९९३, २००७, २०२०, दर वेळी मालक बदललाय. घरात दोन तट पडलेत. दोन ओळींत बसेल असं उत्तर द्या. विकिपीडियाची लिंक नको, वाचून झालंय.

टंकनिका
रेमिंग्टन कुठे बंद झालंय? मराठी टायपिंगच्या परीक्षेला माझ्या क्लासची मुलं त्याच कळफलकावर बसतात. विंडोजमधला मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट असतो, रेमिंग्टन वेगळा टाकावा लागतो. तिथेच अडलं असेल तुमचं.

गोट्या_पुणे
२०२४ ला काय झालं? शेव्हर तर परवाच दुकानात पाहिला.

उटिकाकर
अहो, बंदुकांची रेमिंग्टन! अमेरिकेतली! २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा त्यांचा कारखाना बंद झाला. टायपिंग नको, दाढी नको.

अण्णा_नाशिक
वैतागू नका, मूळ एकच आहे. यादवी युद्ध संपलं आणि लष्कराची मागणी आटली. यंत्रं आणि कारागीर हाताशी होते, शिवणयंत्रं काढायला सुरुवात झालीच होती. १८७३ मध्ये शोल्स आणि ग्लिडन यांचं टाइपरायटर बनवायचं काम इलियननेच घेतलं. ते शिवणयंत्रवाल्यांच्याच हातचं, म्हणून पत्र्यावर फुलं रंगवलेली आणि ओळ बदलायला खाली चक्क पायटा! उमटायची ती फक्त कॅपिटल अक्षरं. १८८६ मध्ये पैशांची तंगी आली तेव्हा हा धंदा विकून टाकला. त्यातून १९२७ ला रेमिंग्टन रँड, आणि १९३७ ला त्यांचाच शेव्हर. म्हणजे ताईंचा कळफलक आणि गोट्याचा शेव्हर दोन्ही त्या वेगळ्या निघालेल्या शाखेचे.

सीए_जोशी
धागाकर्ते, हा मजकूर कुठे छापणार? वकिली कामाचा आहे की मंडळाच्या अंकाचा, ते कळल्याशिवाय नेमकं सांगता येत नाही. तरी 'सलग' काढाच. रेमिंग्टन घराणं १८८८ लाच बाहेर पडलं. दिवाळं निघालं, मार्सेलस हार्टली आणि मंडळींनी धंदा विकत घेतला, 'ई. रेमिंग्टन अँड सन्स' तिथे संपली. १९१२ मध्ये हार्टलींच्याच ब्रिजपोर्टच्या काडतूस कंपनीशी एकत्र केली. १९३३ ला ड्यूपाँट या रसायन कंपनीने बहुसंख्य शेअर घेतले. आणि १८१६ ला कंपनी होती कुठे? एलिफलेट रेमिंग्टनने वडिलांच्या भट्टीवर बंदुकीची एक नळी घडवली, एवढीच ती स्थापना.

मोहॉक_काठ
जोशी, कागद बाजूला ठेवा. १८२८ ला त्यांनी एरी कालव्याच्या काठी बस्तान हलवलं, ते २०२४ पर्यंत त्याच गावात. मालक दहा होऊ देत, भोंगा एकच होता. माझा शेजारी तिथे नळ्या तपासायचा. त्यांची युनियन कुठली, तर खाणकामगारांची! काम आता जॉर्जियातल्या लाग्रेंजला गेलं. त्याला जाऊन सांगा की कंपनी १८८८ ला संपली म्हणून.

सीए_जोशी
शेजाऱ्यांबद्दल वाईट वाटतं, पण त्याने ताळेबंद बदलत नाही. २०२० च्या दिवाळखोरीत काय झालं बघा. बंदुकांचा धंदा राउंडहिल गटाने १.३ कोटी डॉलरला उचलला, त्यांचाच मार्लिन हा बंदुकांचा ब्रँड रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने नेला, आणि काडतुसांचा कारभार रेमिंग्टन या नावासकट व्हिस्टा आउटडोअरकडे गेला. म्हणजे वाडा एकाला, पाटी दुसऱ्याला. बंदुका बनवणारेच ते नाव परवान्यावर वापरतात. काडतुसांचा धंदा तर २०२४ च्या शेवटी चेक गटाने घेतलाय. यात सलग काय उरलं?

गोट्या_पुणे
मग मॉडेल ७०० रायफल आता कोण बनवतं? माझ्या मामेभावाला शिकारीचे व्हिडिओ बघायचं वेड आहे, तो विचारतोय.

अण्णा_नाशिक
तेच, राउंडहिलवाले. १९६२ चं मॉडेल. ८७० शॉटगन त्याच्याही आधीची, १९५० ची.

उटिकाकर
मॉडेलं नकोत! इलियनपासून वीस मिनिटांवर राहतो, मुलीच्या शाळेचं प्रदर्शन गावच्या वाचनालयात आहे, विषय 'आपल्या खोऱ्यातले कारखाने'. फलकाखाली मराठीतही दोन ओळी हव्यात, तिची आजी आलीये.

रश्मी_बोस्टन
हे आधी सांगायचं ना! शाळेचं प्रदर्शन असेल तर सँडी हुक शाळेतला गोळीबार गाळू नका. २०१२ मध्ये त्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, ती बुशमास्टर रायफल रेमिंग्टनच्याच गटाची. २०२२ ला नऊ कुटुंबांशी ७.३ कोटी डॉलरची तडजोड झाली, पैसे विमा कंपन्यांनी भरले.

अण्णा_नाशिक
ते खरं, पण प्रश्न कंपनी किती जुनी हा आहे. दोन ओळींत किती कोंबणार?

रश्मी_बोस्टन
फुलं रंगवलेलं टाइपरायटर तुमच्या उत्तरात बसतं, हे बसत नाही?

मोहॉक_काठ
रश्मी, इथल्या घराघरात त्या कारखान्याची पेन्शन आहे. बेताने लिहावं लागतं.

रश्मी_बोस्टन
बेताने लिहा, पण लिहा.

उटिकाकर
बरं, 'सलग' काढलं. असं लिहितो: 'एलिफलेट रेमिंग्टनने १८१६ मध्ये पहिली नळी घडवली. १८२८ ते २०२४ इलियनमध्ये बंदुका बनत राहिल्या, मालक मात्र अनेकदा बदलले.' सँडी हुकचं इंग्रजी मजकुरात वर्ष आणि आकड्यांसह घालायला मुलीला सांगितलंय, तिथे जागा आहे.

सीए_जोशी
'अनेकदा' मोघम आहे. निदान १८८८ तरी घाला.

टंकनिका
ते मराठी कुठल्या फाँटमध्ये छापणार? जुन्या फाँटमध्ये पाठवलंत आणि छपाईवाल्याकडे तो फाँट नसला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. युनिकोडमध्येच द्या.