गळवाला चिरा द्यावाच लागतो का? लवकर सांगा

सायली_क
सासऱ्यांना गळू झालंय. गोळ्यांनी काही फरक नाही. आता डॉक्टर म्हणतात सर्जनकडे जा, चिरा द्यावा लागेल. बाबा अजिबात तयार नाहीत. गोळ्या बदलून बरं होणार नाही का? प्लीज आजच सांगा.

नाना_सांगली
कुठे झालंय? वय? शुगर? ताप? काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं काय?

मृण्मयी
अळशीचं पोटीस बांधा, गरम गरम. आजीने आम्हा सगळ्यांची गळवं अशीच पिकवली. आपोआप फुटतं, चिराबिरा लागत नाही.

अनघा_स्टाफनर्स
लहान गळू शेकाने फुटतं, खरंय. पण मोठ्या गळवाभोवती शरीर भिंत उभी करतं. आत रक्त पोचत नाही, मग गोळीचं औषध तरी कसं पोचणार? पू काढणं हाच उपचार. भूल देऊन चिरा देतात, आतले कप्पे मोडून धुतात, पू कल्चरला (कोणते जंतू आहेत ते तपासायला) पाठवतात. टाके सहसा घालत नाहीत, जखम तळापासून भरत यायला हवी. सायली, जागा सांगा.

धोंडोपंत
मला बसायच्या जागी झालं होतं. चिरा दिला आणि मागे भगंदर (गुदद्वाराजवळ पू वाहणारी नळी) लागलं. शेवटी क्षारसूत्र (औषधी दोरा बांधायचा आयुर्वेदिक उपचार) केलं. चिरा देऊ नका!

अनघा_स्टाफनर्स
काका, भगंदर चिऱ्याने होत नाही, तिथल्या ग्रंथीतल्या संसर्गाने होतं. इथे त्याचा काय संबंध?

सायली_क
मानेमागे, केस संपतात तिथे. वय ६८. शुगरची गोळी चालू आहे. काल रात्री हुडहुडी भरली. तोंडं तीन-चार आहेत, चाळणीसारखी, प्रत्येकातून थोडाथोडा पू येतो.

नाना_सांगली
अहो, हे आधी सांगायचं! ही काळपुळी (अनेक तोंडांचं मोठं गळू, कार्बंकल) दिसतेय. मधुमेहात मानेवर, पाठीवर होते. थांबू नका.

रोहन_पी
मेडिक्लेम असेल तर आधी टीपीएला (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीला) कळवा.

मृण्मयी
अळशी नसेल तर कांदा भाजून बांधा.

अनघा_स्टाफनर्स
मृण्मयीताई, नको! मधुमेहात चटका बसलेला कळेलच असं नाही. सायली, पिळू नका, आजच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्या. शेवटचं कधी खाल्लं आणि शुगरची गोळी कधी घेतली, लिहून ठेवा. भूल देणारे विचारतील.

सायली_क
ग्लुकोमीटरवर ३४२ आली. एवढ्या शुगरला चिरा देतील?

अनघा_स्टाफनर्स
हो. इन्सुलिन देऊन करतात. संसर्गानेच शुगर चढते, पू आत असेपर्यंत ती आवरत नाही. बाबांना सांगा, पू निघाला की ठणका उतरतो.

सायली_क
सांगितलं. तयार झाले, निघतोय.