ब्राउन निकालानंतरची दहा वर्षं

काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४मध्ये ब्राउन खटल्यात ठरवलं. या निकालाने तिथल्या शाळांमधला वर्णभेद संपला, असं एकांनी लिहिलंय. निकाल ९-० असा एकमताचा होता हे खरंच, पण भेद संपला हे मला पटत नाही. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीला ठरावीक मुदत घातली नाही आणि दक्षिणेतल्या राज्यांना वेळकाढूपणाला मोकळं रान मिळालं.

व्हर्जिनिया राज्यातली प्रिन्स एडवर्ड काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बघा. तिथल्या काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलचे काही वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये भरत. १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने १९५१मध्ये विद्यार्थ्यांचा संप घडवला, त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउनमध्ये सामील झाला. एकत्र शाळा चालवाव्या लागणार म्हटल्यावर काउंटीने १९५९मध्ये सरकारी शाळांनाच टाळं ठोकलं! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, तिला सरकारी पैशाचा हातभारही लागला. काळ्या मुलांची पाच वर्षं गेली. शिकायचं वय परत येत नाही हो. अखेर १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की गरज पडल्यास काउंटीला कर बसवायला लावून शाळा उघडायचा आदेश देता येईल. एवढी ठाम भाषा १९५५मध्येच वापरायला हवी होती.