‘पिक’ म्हणजे वेचणं, तोडणं की निवडणं?

पऱ्हाटी :
कापसाच्या वेचणीवरचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करायचं आहे. कच्च्या मजकुरात ‘सेकंड पिकिंग’ची ‘दुसरी निवड’ झाली आहे आणि ‘हँड-पिक्ड कॉटन’चा ‘निवडक कापूस’. यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकऱ्यानं यातून काय समजायचं? आणि दुसरं, इंग्रजी ‘पिक’ हा आपल्या ‘पीक’वरूनच गेला असं एका ठिकाणी ठोकून दिलेलं वाचलं. त्यात काही तथ्य?

कापूसकोंड्या :
तथ्य शून्य. आपलं पीक ‘पिकणे’तून, म्हणजे संस्कृत ‘पक्व’च्या घरातून आलं. इंग्रजी ‘पिक’चं मूळ टोकदार अवजारात आहे. आपण ज्याला टिकास म्हणतो त्या जातीचं अवजार, आणि त्यानं टोचण्याची क्रिया. पुढे फ्रेंच ‘पिके’ (टोचणे) या शब्दाचाही त्यावर परिणाम झाला. अर्थ सरकत गेला तो असा : टोचणे, टोकानं किंवा बोटांनी उचलणे, एकेक करून काढणे आणि मग त्यातलं हवं ते घेणे. ‘पसंत करणे’ हा अर्थ चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसायला लागतो. जुना अर्थ मेला नाही, टूथपिकमध्ये तो अजून टोचतोच आहे. पिकॅक्समधला ‘अ‍ॅक्स’ मात्र नंतर चिकटवलेला. मूळ जुना फ्रेंच शब्द वेगळा होता, लोकांना त्यात कुऱ्हाड ऐकू आली.

‘चूझ’ची कुळी निराळी. त्याचं नातं संस्कृत ‘जुष्’ (आवडणे, आस्वाद घेणे) आणि लॅटिन ‘गुस्तारे’ (चाखणे) यांच्याशी. म्हणजे चूझ जिभेतून आला, पिक बोटांतून. ‘सिलेक्ट’ आणि ‘इलेक्ट’ दोन्ही लॅटिन ‘लेगेरे’चे, त्याचा एक अर्थ गोळा करणे आणि दुसरा चक्क वाचणे. यावरून आपलं वेचणे आणि वाचणे जोडायचा मोह कोणाला झाला तर आवरा, ते दोन वेगळे धातू आहेत.

सरकी :
मूळ ठीक आहे जी, पण पत्रकाचं काम मुळानं भागत नाही. इंग्रजीत संत्रं, कापूस, मिरची, मोहफूल सगळ्याला एकच ‘पिक’. आपल्याकडे क्रियापद माल कसा सुटतो यावर ठरतं. संत्रं देठाला धरून असतं, ते तोडावं लागतं, म्हणून वरुड-मोर्शीकडे ‘संत्र्याचा तोडा’. भिवापुरी मिरचीही तोडतात. मेथीची कोवळी पानं खुडतात. मोहफूल आपोआप खाली पडतं, ते वेचतात.

कापूस झाडावर असूनही वेचतात, कारण बोंड उकललं की कापूस मोकळा होतो. बोटांच्या चिमटीत धरून ओढला की पाकळ्यांतून सुटून येतो आणि बोंडाचं वाळकं कवच झाडालाच राहतं. कवचासकट ओरबाडलं तर ते तोडणं झालं, आणि तिथंच माल बिघडतो. कवचाचे तुकडे रुईत जातात, जिनिंगमध्ये (रुईतून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढताना) ते सरकीसारखे बाजूला पडत नाहीत.

म्हणून ‘फर्स्ट पिकिंग’ला पहिला वेचा, ‘सेकंड पिकिंग’ला दुसरा वेचा. ‘निवड’ लिहिलं तर शेतकऱ्याला वाटेल की घरी आणलेल्या कापसातून कवडी (किडका, डागी कापूस) बाजूला काढायला सांगताहेत. तेही काम असतं, पण ते वेचणीनंतरचं.

पऱ्हाटी :
हे पटलं. मग ‘पिक फ्रॉम द बॉटम अप, आफ्टर द ड्यू ड्राइज’? ‘दव वाळल्यावर तळापासून वर निवडा’ असं आलंय. वाचूनच हसू येतं.

सरकी :
‘दहिवर उडाल्यावर वेचणी सुरू करा. आधी खालची बोंडं, मग वरची.’ आकडा न देता ‘दहिवर उडाल्यावर’ पुरे, वेळ हवामानावर आहे. पण कारण लिहाच, नाहीतर सूचना कोणी मनावर घेत नाही. वरून सुरुवात केली की झाडाला धक्का बसून वाळका पाला खालच्या उकललेल्या कापसावर पडतो. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 12 टक्क्यांवर गेला की माल परत येतो, आणि 8 च्या वर भावात कपात होते.

‘पिकिंग बॅग’ला ‘निवड पिशवी’ केलं असेल तर खोडा, ओटी म्हणा. आणि ओटी सुती कापडाचीच असं ठळक छापा. खताच्या पोत्याचा प्लास्टिक धागा कापसात गेला तर पुढे कापडाला रंग देताना तेवढा धागा रंग घेत नाही, थान डागाळतं.

कापूसकोंड्या :
एक पुरवणी. कापड व्यापारात ‘रीड-पिक’ म्हणतात, त्यातला पिक म्हणजे एका इंचात किती आडवे धागे. तो ‘पिच’ म्हणजे फेकणे याचा भाऊ. मागावर आडवा धागा नेणारा धोटा फेकला की एक पिक. वेचणीशी त्याचा संबंध नाही, कापसाच्या पत्रकात दोन्ही आले तर घोळ होईल.

बोंडअळी :
पण वेचणेत निवड अजिबात नाही असं काहून म्हणता? ‘वेचक लेख’, ‘वेचे’ हे शब्द आहेतच की.

कापूसकोंड्या :
आहेत. फरक असा की निवडणेत नको ते बाजूला काढण्यावर भर. तांदूळ निवडताना हातात खडे येतात. वेचणेत हवं ते उचलण्यावर भर, बाकीचं जागेवर राहतं. ‘आयुष्य वेचलं’ मधला वेच मात्र तिसराच, खर्च या अर्थाचा, ‘व्यय’कडचा. इंग्रजी ‘पिक अ फाइट’ला आपण भांडण उकरून काढतो आणि ‘पिकपॉकेट’ला खिसा कापतो, तिथं या दोन्ही क्रियापदांचा उपयोग नाही.

पऱ्हाटी :
आणि शेवटच्या ओळीतलं ‘लोड द पिकअप’?

सरकी :
त्याला हात लावू नका भाऊ. ‘कापूस पिकअपमध्ये भरताना पहिल्या आणि दुसऱ्या वेच्याचा माल एकात मिसळू देऊ नका, फरदडीचा (हंगाम संपल्यावर झाड ठेवून घेतलेल्या कापसाचा) तर नाहीच नाही.’