चेंबर्स बेला पुन्हा यूएस ओपन मिळावी का? नवे कोर्स आणि मेजर स्पर्धा

हिरवळ (धागाकर्ता)

पुरुषांच्या गोल्फमधल्या चार मेजरपैकी (सर्वांत मोठ्या स्पर्धा) मास्टर्स कायम ऑगस्टालाच होते आणि 'द ओपन' ब्रिटन-आयर्लंडमधल्या जुन्या लिंक्स (समुद्रकाठचे वाळूवरचे कोर्स) सोडून कुठे जात नाही. त्यामुळे नव्या कोर्सला दार उघडं आहे ते यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या दोनच स्पर्धांचं. नवा म्हणजे इथे 1990 नंतर बांधलेला धरू.

माझं मत सरळ आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या चेंबर्स बेला यूएस ओपन परत मिळाली पाहिजे. वाळू-खडीच्या जुन्या खाणीत रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांच्या चमूने हा कोर्स उभा केला, 2007 मध्ये तो सुरू झाला आणि 2015 मध्ये तिथे यूएस ओपन झाली. जॉर्डन स्पीथ 5 अंडरने, म्हणजे पारपेक्षा (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) पाच कमी मारून जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या चेंडूला उड्या मारायला लावणाऱ्या ग्रीन्स (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ).

ती टीका खरी होती, आणि तिचं कारणही नेमकं सांगता येतं. ग्रीन्स बारीक फेस्क्यू गवताच्या होत्या. फेस्क्यूला पाणी कमी लागतं, ते सावकाश वाढतं, चेंडू जमिनीवरून लोळत न्यायला उत्तम. पण साधारण 5 मिलिमीटरच्या खाली कापलं की ते विरळ होतं. विरळ झालेल्या जागेत पोआ ॲन्युआ शिरतं, म्हणजे या गवतातलं तणच. मग एकाच ग्रीनवर दोन गवतं, दोन वेगांनी वाढणारी. त्यात स्पर्धेसाठी वेग वाढवायला पाणी तोडलं, रोलर फिरवले. फेस्क्यू करपून तपकिरी झालं आणि पोआचे हिरवे पुंजके दुपारपर्यंत वर आले. चेंडू सुरुवातीला वेगात असतो तोवर ठीक, पण शेवटच्या दोन-तीन फुटांत तो पुंजक्यावर चढतो, उतरतो आणि रेषा सोडतो.

हा दोष आता उरलेला नाही. 2018-19 च्या हिवाळ्यात सगळ्या ग्रीन्सवरचं फेस्क्यू काढून पोआचीच सॉड (मुळांसकट कापलेल्या गवताच्या चादरी) अंथरली. एकच गवत म्हणजे एकच वाढ. पेबल बीच आणि ओकमॉन्टच्या ग्रीन्सही पोआच्याच आहेत, तिथे कोणी मेजर नाकारत नाही. 2022 मध्ये महिलांची यूएस अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची स्पर्धा) याच नव्या ग्रीन्सवर झाली.

---

लांबपल्ला

गवताबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य. पण 2015 ची अर्धी तक्रार ग्रीन्सबद्दल होतीच कुठे? ती दोराबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाची होती.

चेंबर्स बेवर वाळूचे उंच ढिगारे दोन होलच्या मध्ये आहेत आणि त्यांचे उतार तीव्र आहेत. त्यावर कोरडं फेस्क्यू. बुटाखाली ते गवत तेलासारखं घसरतं. आठवा होल तर प्रेक्षकांना बंदच ठेवावा लागला होता, कारण तिथे सुरक्षित उभं राहायला जागाच नाही. बऱ्याच होलना एकाच काठाने माणसं सोडली, तीही फेअरवेपासून, म्हणजे खेळाच्या मुख्य पट्ट्यापासून, लांब. तिकीट काढलेल्या माणसाला एका जागी बसून एकच ग्रीन दिवसभर बघण्यावाचून पर्याय नव्हता. स्टँडमध्ये जागा मिळाली नाही तर तेवढंही नाही.

खाणीचा खड्डा असल्यामुळे क्लबहाऊस वर आणि कोर्स साधारण 200 फूट खाली. रुग्णवाहिका, गाड्या, पाण्याचे टँकर, कॅमेऱ्यांच्या केबल, सगळं त्या उतारावरून जाणार. एका बाजूला समुद्र आणि त्याला लागून रेल्वेचे रूळ, म्हणजे पश्चिमेकडून वाट नाही.

मेजर ही खेळाडूंसोबत हजारो प्रेक्षकांचीही असते. हा कोर्स हौशी खेळाडूंच्या स्पर्धांसाठी अप्रतिम आहे, तिथे लोक खेळाडूंमागे फेअरवेवरून चालतात. व्यावसायिक मेजरला दोर लावावेच लागतात, आणि दोर लावला की इथे जागा संपते.

---

यार्डेजबुक

दोघांनीही तारखा बघाव्यात असं वाटतं. यूएसजीएने (यूएस ओपन भरवणारी अमेरिकन गोल्फ संघटना) यूएस ओपनची ठिकाणं फार लांबपर्यंत ठरवून टाकली आहेत. 2026 शिनेकॉक, 2027 पेबल बीच, 2028 विंग्ड फूट, 2029 पाइनहर्स्ट, 2030 मेरियन, 2031 रिव्हिएरा, 2032 पुन्हा पेबल, 2033 ओकमॉन्ट, 2034 ओकलंड हिल्स, आणि 2039 ला लॉस एंजेलिस कंट्री क्लबपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या. या यादीत 1990 नंतरचा एकही कोर्स नाही. पाइनहर्स्ट, पेबल आणि ओकमॉन्ट तर ठरावीक वर्षांनी परत परत येणार, त्यांना 'अँकर' ठिकाणंच म्हणतात.

यामागचं गणित साधं आहे. दरवेळी नव्या गावात जायचं म्हणजे तंबूंच्या पाया-फळ्या, वीज, पार्किंग, शहराची परवानगी हे सगळं शून्यापासून. ठरलेल्या ठिकाणी जमिनीखालच्या केबल आणि पक्के पाये एकदा घातले की पुढच्या वेळी कामाला येतात.

म्हणून नव्या कोर्ससाठी खरी जागा पीजीए चॅम्पियनशिपमध्ये आहे. टेक्ससमध्ये फ्रिस्कोला गिल हॅन्सने बांधलेला फील्ड्स रँच ईस्ट 2023 मध्ये सुरू झाला आणि 2027 व 2034 ची पीजीए त्याला आधीच मिळाली आहे. पीजीए ऑफ अमेरिकेचं मुख्यालय तिथेच, शेजारी दुसरा कोर्स (त्यावर तंबू आणि गाड्या घालता येतात), 500 खोल्यांचं हॉटेल आवारातच. प्लेनो-फ्रिस्को भागातल्या मराठी घरांतून तर स्पर्धा अक्षरशः शेजारी येणार आहे. मेजरसाठी कोर्स बांधायचा तर असा, प्रेक्षकाची जागा आधी आखून.

---

तिसरा पट

यार्डेजबुक, फ्रिस्कोची जागा आखली छान आहे, पण तिथला वारा कोण आखणार? 2025 मध्ये महिलांची पीजीए तिथे झाली. मिंजी ली 4 अंडरने जिंकली आणि पूर्ण स्पर्धेत पारखाली फक्त तिघीच राहिल्या. अवघड असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती फेऱ्या सहा तासांच्या आसपास गेल्या त्याला. 156 जणींची स्पर्धा, कडक ग्रीन्स, जोराचा वारा, टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) मागच्या गटांची रांग. पीजीए मे महिन्यात होते, आणि मे म्हणजे उत्तर टेक्ससमध्ये वादळांचा महिना. एक दुपार विजांमुळे गेली की दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत खेळ पुरा होत नाही.

माझं मत एरिन हिल्सला. विस्कॉन्सिनमध्ये हिमनद्यांनी सोडलेल्या उंचसखल जमिनीवर 2006 मध्ये सुरू झालेला कोर्स. हर्डझन, फ्राय आणि व्हिटन या तिघांनी माती फारशी न हलवता तो बसवला. 2017 च्या यूएस ओपनमध्ये ब्रूक्स कोएप्का 16 अंडरने जिंकला आणि जस्टिन थॉमसने शनिवारी 63 मारले, तेव्हापासून 'सोपा कोर्स' हा शिक्का बसला. पण पार 72 आहे हे कोणी बघत नाही. 1992 नंतर पहिल्यांदाच यूएस ओपन पार 72 वर झाली. पार 70 धरला तर कोएप्काचे तेच 272 फटके 8 अंडर दिसले असते.

---

लांबपल्ला

@तिसरा पट, पारचा आकडा बदलून कोर्सचा दोष लपत नाही. एरिन हिल्सचे फेअरवे इतके रुंद का ठेवले? वाऱ्यासाठी. उघड्या माळावर वारा असेल तर 50 यार्डांचा फेअरवेही अरुंद वाटतो. त्या आठवड्यात पाऊस झाला, जमीन मऊ पडली आणि वारा आला तो थेट रविवारी. मऊ जमिनीवर चेंडू पडतो तिथेच थांबतो, मग रुंद फेअरवेला अर्थ उरत नाही. वरून स्पर्धेच्या तोंडावर काही ठिकाणचं उंच गवतही कापलं. ज्या कोर्सचा बचाव फक्त हवामानावर आहे, त्याच्यावर चार दिवसांची मेजर टाकणं हा जुगार आहे.

---

तिसरा पट

मग सेंट अँड्र्यूजही जुगारच म्हणायला हवा. वारा पडला की तिथेही आकडे कोसळतात, तरी ओपन परत जातेच.

आणि 2025 ची महिला यूएस ओपन एरिन हिल्सवरच झाली. माया स्टार्क 7 अंडरने जिंकली. कोर्स तोच, उतार तेच, ग्रीन्स कडक. त्या चार दिवसांत त्याला सोपा म्हणणारं कोणी भेटलं नाही.

---

सागरवारा

एक वेगळा मुद्दा, कारण नवे कोर्स निवडताना तो सुटतो: वाळू.

पीट डायने सपाट लष्करी जागेवर ट्रकने वाळू आणून व्हिसलिंग स्ट्रेट्स उभा केला, 1998 मध्ये तो सुरू झाला. सुमारे हजार बंकर (वाळूचे खड्डे). त्यातले कित्येक खेळात कधी येतच नाहीत, प्रेक्षक त्यात उभे राहतात. 2010 च्या पीजीएला शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू अशाच तुडवलेल्या वाळूत गेला. त्याने क्लब जमिनीला टेकवला, दोन फटके दंड झाला आणि प्लेऑफ हुकली. स्थानिक नियमात लिहिलं होतं की वाळूचा प्रत्येक तुकडा बंकर समजायचा, म्हणजे तिथे क्लब टेकवायचा नाही.

डायनेच बांधलेल्या किआवा आयलंडच्या ओशन कोर्सवर (1991) उलट नियम लावला. तिथे 2012 आणि 2021 च्या पीजीएला कुठलीच वाळू बंकर धरली नाही. क्लब टेकवा, सराव स्विंग घ्या. एकही वाद झाला नाही. 2021 ला तिथे फिल मिकेल्सन वयाच्या 50 व्या वर्षी जिंकला. 2031 ची पीजीए पुन्हा तिथेच आहे, बेटावर जायला एकच रस्ता असूनही. लांबपल्ला, प्रेक्षकांची अडचण हाच शेवटचा निकष असता तर किआवा कधीच बाद झाला असता. ती अडचण बसगाड्या आणि मर्यादित तिकिटांनी सुटते.

चेंबर्स बेवरही उघडी वाळू भरपूर आहे. तिथे परत मेजर न्यायची तर नियम किआवासारखा हवा.

---

लांबपल्ला

एकच रस्ता ही पोहोचण्याची अडचण, ती बसने सुटते. पोहोचल्यावर खेळ दिसत नाही ही अडचण बसने सुटत नाही. किआवाची जमीन मुळात सपाट आहे, दोराजवळ उभं राहिलं की फेअरवे दिसतो. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

---

हिरवळ (धागाकर्ता)

लांबपल्ला, हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. पण मग उत्तरही जमिनीवरच शोधू.

पहिलं, तिकिटं कमी. चालत फिरणाऱ्या गर्दीऐवजी बसणारी गर्दी धरायची. ढिगाऱ्यांचे जे उतार चालायला धोक्याचे आहेत, तेच स्टँड बसवायला सोयीचे आहेत. नवव्या होलची टी उंचावर आहे, तिथून खालचा निम्मा कोर्स दिसतो. पंधराव्याजवळ ते एकटं फरचं झाड आहे, तो भागही मोकळा आहे.

दुसरं, उतारावरच्या वाटा. कोरड्या फेस्क्यूवर माणूस घसरतो, कारण गवत लांब ठेवलेलं असतं आणि पाती एका दिशेला झोपतात. प्रेक्षकांच्या ठरावीक वाटा आधीच्या हंगामातच आखून घ्यायच्या, फळ्यांच्या पायऱ्या ठोकायच्या, दोरीचे कठडे लावायचे. स्पर्धेच्या आठवड्यात ताडपत्री टाकून हे होत नाही.

तिसरं, ग्रीन्सचा वेग. स्टिम्पमीटर म्हणजे 36 इंचांची ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी. खाचेत चेंडू ठेवून पट्टी उचलत न्यायची, साधारण 20 अंशांवर तो सुटतो, आणि सपाट जागी किती फूट गेला ते दोन्ही दिशांनी मोजायचं. चेंबर्स बेच्या ग्रीन्सना उतार भरपूर आहेत. तिथे 12-13 चा वेग धरला की तीन टक्क्यांहून जास्त उताराच्या जागी पिन (भोक आणि त्यातला झेंडा) लावताच येत नाही, चेंडू भोकाजवळ थांबत नाही. मग चार दिवस त्याच दोन-तीन कोपऱ्यांत पिन फिरते. वेग 11 ला थांबवला तर प्रत्येक ग्रीनवर निदान दोन जागा जास्त मिळतात.

आणि 2015 ला शेवटच्या दिवशी काय घडलं ते विसरू नका. पहिल्या दिवशी 77 मारलेल्या लुई उस्टहायझेनने रविवारी शेवटचे नऊ होल 29 मध्ये संपवले, त्याच ग्रीन्सवर. अठराव्यावर जॉन्सन दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला, ईगलसाठी (पारपेक्षा दोन फटके कमी) साधारण 12 फूट उरले होते. तो पट (ग्रीनवरचा लोळता फटका) भोकात पडला असता तर विजेता, दोन पटांत प्लेऑफ. त्याला तीन लागले. भारतात तेव्हा सोमवारची सकाळ होती. शेवटच्या होलवर असा निकाल देणारे कोर्स फार नाहीत.

---

यार्डेजबुक

हिरवळ, वेग 11 ला थांबवण्याबद्दल पूर्ण सहमत. तारखांचा प्रश्न मात्र तसाच राहतो. पुरुषांची यूएस ओपन 2040 च्या आधी नाही, म्हणजे मधला रस्ता एरिन हिल्सचाच: आधी महिलांची यूएस ओपन मागायची. महिलांच्या स्पर्धेला स्टँड आणि तंबू कमी लागतात, त्यामुळे तुम्ही सांगितलेल्या वाटा आणि पायऱ्या कमी खर्चात तपासून होतील. कोर्स पियर्स काउंटीच्या मालकीचा आहे, सगळ्यांना खुला आहे, म्हणजे खर्चाला मंजुरीही तिथल्या लोकप्रतिनिधींकडूनच लागेल.

---

लांबपल्ला

महिलांची यूएस ओपन, कमी तिकिटं, पक्क्या पायऱ्या आणि आठव्या होलच्या निदान एका काठाला उभं राहायची सोय. एवढं झालं तर माझा विरोध मी मागे घेतो. आठवा होल बंदच राहणार असेल तर नाही.